पौषातला समुद्र

बोरिवलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या ४४ वर्षांच्या असून बँकेत नोकरी करतात. घरात यजमान, बारा वर्षांची मुलगी आणि ७३ वर्षांच्या सासूबाई आहेत. सासऱ्यांना जाऊन दीड वर्ष झाले. गेल्या चार वर्षांत हे कुटुंब कुठेही बाहेर गेलेले नाही आणि या हिवाळ्यात दोन दिवस एखाद्या शांत समुद्रकिनारी जावे, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. मात्र ठाण्याला राहणाऱ्या दिरांनी नाताळच्या सुट्टीत अलिबागजवळ पोहण्याचा तलाव असलेला एक बंगला तीन दिवसांसाठी पाहून ठेवला असून ‘सगळे मिळून तेरा जण जाऊ’ असा त्यांचा आग्रह आहे. नाही म्हटले तर दीर-जाऊ दुखावतील, तिघेच कुठे गेलो तर सासूबाईंना एकटे टाकल्यासारखे होईल आणि त्यांना सोबत नेले तर त्यांचे गुडघे, पथ्य व औषधांच्या वेळा सांभाळण्यातच दोन दिवस जातील, अशी त्यांची कोंडी आहे. यजमान म्हणतात, ‘तू ठरवशील तसे.’ पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘दोन दिवस कुणाचेही काही करायचे नाही, नुसते समुद्राकडे बघत बसायचे, असे वाटणे हा स्वार्थ आहे का? आणि अशी शांत जागा मुंबईजवळ उरली आहे का?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते लांबवण्यासारखे नाही. चार वर्षे घर, बँक, सासऱ्यांचे आजारपण आणि त्यानंतरचे सगळे निभावलेल्या बाईला दोन दिवस स्वस्थ बसावेसे वाटणे हा स्वार्थ नाही. ही विश्रांतीची गरज आहे आणि ती तुम्ही परवानगी मागितल्यासारखी मांडू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरा प्रश्न जागेचा आहे आणि त्यावर मला सविस्तर लिहायचे आहे. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे तुमचे लक्ष वेधते. तीन पानी पत्रात तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे: ‘मागच्या वेळी सगळे नागावला गेलो होतो तेव्हा मी आणि जाऊबाई तिन्ही दिवस ओट्याशीच होतो.’ त्या सहलीचा तुम्हाला शीण आला याचे कारण तुम्ही गर्दी असे दिले आहे. मला तसे वाटत नाही. बारा-तेरा माणसांचे दोन वेळचे जेवण, सकाळचे पोहे, मुलांचे मधले खाणे आणि चार वेळचा चहा जर दोघींच्या हातून होणार असेल, तर किनारा कितीही निवांत असला तरी तुमच्या वाट्याला ओटाच येणार. तेव्हा शांत जागा शोधण्यापूर्वी त्या दोन दिवसांत स्वयंपाक कोण करणार हे ठरवून टाका. तुम्ही कुठेही गेलात तरी तुमच्या हातचा स्वयंपाक नसेल, ही पहिली अट; ती पाळली जात नसेल तर निघूच नका.

याच वाक्यातून आणखी एक गोष्ट दिसते. जाऊबाई दुखावतील अशी धास्ती तुम्हाला वाटते; पण तिन्ही दिवस त्याही तुमच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांना तेरा जणांच्या बंगल्याचा उत्साह खरोखर आहे की दिरांच्या आग्रहाला त्याही ‘हो’ म्हणत आहेत, हे तुम्ही विचारलेले नाही. दिरांशी बोलण्याआधी जावेशी बोला. स्वयंपाकाला बाहेरचे माणूस लावायचे किंवा डबा सांगायचा, ही मागणी दोघींनी मिळून केली तर ती रुसव्यासारखी वाटणार नाही, आणि पुढच्या प्रत्येक कौटुंबिक सहलीत तुम्हा दोघींनाही उपयोगी पडेल.

आता सासूबाईंविषयी. तुमच्या पत्रात त्यांचे मत आहे, पण ते सगळे तुमच्या शब्दांत आहे: त्यांना एकटे वाटेल, त्यांना वाळूत चालवणार नाही, त्यांना बाहेरचे चालणार नाही. त्या स्वतः काय म्हणाल्या हे कुठेच नाही. पती गेल्यानंतरचे दीड वर्ष माणूस एकाच परीने काढत नाही. कदाचित त्यांना तुमच्यासोबत यायचे असेल आणि आपली अडचण होईल म्हणून त्या गप्प असतील. किंवा कदाचित त्यांना दोन दिवस रिकामे घर हवे असेल, बहिणीला बोलावून रात्रभर जुन्या गोष्टी काढत बसायचे असेल, आणि हे सांगितले तर सुनेला वाईट वाटेल म्हणून त्या बोलत नसतील. वयस्कर माणसाला प्रत्येक वेळी सोबत नेणे म्हणजेच त्याची काळजी घेणे, असे मी मानत नाही. विचारताना मात्र ‘तुम्ही येणार का?’ असे विचारू नका. त्याला ‘माझे काय, तुम्ही जा’ हेच ठरलेले उत्तर येते. ‘आई, आम्ही दोन दिवस समुद्रावर जायचे म्हणतो आहोत, तुम्हाला आमच्याबरोबर यायला आवडेल की मावशींना इकडे बोलावू?’ असे दोन्ही पर्याय मान्य असल्याच्या सुरात विचारा, आणि ते यजमानांना विचारू द्या. आईला मुलाने विचारावे.

यजमानांच्या ‘तू ठरवशील तसे’ या उत्तराबद्दलही थोडे बोलायला हवे. हे उत्तर ऐकायला उदार वाटते, पण त्याचा अर्थ असा होतो की निर्णय तुमचा, त्याचे बरेवाईटही तुमचे आणि भावाला नकार कळवण्याचे कामही तुमचेच. ते सद्हेतूने म्हणत असतील, यात मला शंका नाही. तरीही आईला विचारणे आणि भावाशी बोलणे ही दोन कामे त्यांची आहेत, हे त्यांना शांतपणे सांगा. जागा आणि तारीख तुम्ही ठरवा.

तारखेचा विचार मी मुद्दाम जागेच्या आधी करते, कारण मुंबईजवळच्या किनाऱ्यांची शांतता ही बरीचशी तारखेवर अवलंबून असते. एकच गाव २५ डिसेंबरला ओळखू येत नाही आणि तीन आठवड्यांनी तिथे पहाटे फक्त कोळीणी आणि कुत्री दिसतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी माझ्या मावशीला घेऊन छायाचित्रे पाहून ठरवलेल्या एका ‘सागरतीरी’ निवासात डिसेंबरच्या सुरुवातीला गेले होते. समुद्र तिथे खरोखर होता. पण मागच्या भिंतीला लागून लग्नाचे मैदान होते आणि दोन्ही संध्याकाळी वाजंत्री, हळद आणि वरात चालली होती. दूरध्वनीवर मी खोलीचा दर विचारला, गरम पाणी विचारले, शेजारी काय आहे हे मात्र विचारले नाही. मावशी काही बोलली नाही, पण परतीच्या वाटेवर ती झोपून गेली आणि मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी कुणालाही एक गोष्ट सांगते: समुद्रावर पौषात जा. मार्गशीर्षात लग्नांचे मुहूर्त भरपूर असतात, पौषात आपल्याकडे परंपरेने लग्ने धरत नाहीत. हल्ली काढीव मुहूर्तांवर पौषातही लग्ने लागतात हे खरे, पण प्रमाण पुष्कळ कमी. शिवाय सासूबाई मार्गशीर्षातले गुरुवार करत असतील आणि महिनाभर मासे वर्ज्य असतील, तर तेही तोवर उरकलेले असेल.

मकरसंक्रांत पौषातच येते. म्हणजे संक्रांतीच्या आसपासचा आठवडा धरायचा. तुम्ही बँकेत आहात, त्यामुळे तुमचा हिशेब आणखी सोपा आहे. २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. जानेवारीतला चौथा शनिवार बहुतेक वेळा प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे येतो आणि त्या जोडसुट्टीला मांडव्याच्या धक्क्यापासून वडखळच्या नाक्यापर्यंत सगळीकडे रांगा लागतात. उरला दुसरा शनिवार. एखादी किरकोळ रजा शिल्लक असेल तर याहून चांगली युक्ती अशी की शनिवारी घरीच राहा, रविवारी दुपारी निघा आणि सोमवारी संध्याकाळी परता. रविवारी संध्याकाळी एक दिवसाच्या सहलीला आलेली माणसे परत फिरतात आणि किनारा गावाच्या स्वाधीन होतो. मुलीचा शाळेचा एक दिवस बुडेल; सातवीतल्या मुलीच्या बाबतीत मला त्यात फार काही चुकते आहे असे वाटत नाही.

जागा निवडताना तुम्ही अलिबागशिवाय दुसरा विचारच केलेला दिसत नाही आणि बोरिवलीत राहणाऱ्या कुटुंबाने तो जरूर करावा. पश्चिम रेल्वेची उपनगरी गाडी २०१३ पासून डहाणूपर्यंत जाते. केळवे रोडला उतरून रिक्षाने केळव्याला जाता येते. बोरिवलीहून गाडीतला वेळ साधारण सव्वा ते दीड तासाचा. या भागात पानवेलींच्या आणि केळीच्या वाड्या आहेत, किनाऱ्याला सुरूची झाडे आहेत, शीतलादेवीचे देऊळ किनाऱ्याजवळच आहे, आणि थोडे उत्तरेला शिरगावचा किल्ला व त्यापलीकडे पापलेटसाठी नावाजलेले सातपाटी आहे. हिवाळ्यात या पट्ट्यात बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. त्या वासाची सवय नसेल तर मुक्काम कोळीवाड्यापासून थोडा लांब घ्या, पण मुलीला ते एकदा नक्की दाखवा. केळव्याचा एकच दोष आहे. वसई-विरारहून रविवारी दिवसभरासाठी येणाऱ्यांची तिथे गर्दी होते, म्हणून मी वर रविवार दुपारचा जो विचार सांगितला तो केळव्याला विशेष लागू पडतो.

याहून निवांत हवे असेल तर बोर्डी. डहाणू रोडनंतरचे स्थानक घोलवड. तिथे उतरून बोर्डी जवळ पडते, पण डहाणूच्या पुढे उपनगरी गाडी जात नाही, त्यामुळे पुढच्या पॅसेंजरची वेळ पाहून निघावे लागते किंवा डहाणूहून एसटी अथवा रिक्षा धरावी लागते. भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू इथलाच. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे आणि त्यामुळे चिकूच्या वाड्या, ताडाची झाडे आणि मोकळा किनारा पुष्कळसा टिकून आहे. बोर्डीचा समुद्र उथळ आहे. ओहोटीला तो इतका आत जातो की पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो. ज्यांना लाटांत डुंबायचे आहे त्यांची इथे निराशा होईल. ज्यांना नुसते बघत बसायचे आहे, म्हणजे तुम्ही, त्यांच्यासाठी मला ही जागा सगळ्यांत योग्य वाटते.

अलिबागकडेच ओढा असेल तर निदान वर्सोली आणि नागाव सोडून आवास, सासवणे किंवा आक्षी पाहा. सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या शिल्पांचे संग्रहालय त्यांच्या राहत्या घरी आहे. सासूबाई आणि नात दोघींनाही ते सारखेच आवडेल. आक्षीच्या सुरूच्या बनात हिवाळी पक्षी दिसतात आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत ज्याची गणना होते तो लेखही तिथलाच. गेटवेहून मांडव्याला बोटीने तासाभरात पोहोचता येते. आपली गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्याहून २०२० पासून रो-रो बोट आहे. परंतु बोरिवलीहून आधी शहराच्या दक्षिण टोकापर्यंत जाण्यातच तुमचा दीड तास मोडतो. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही गावे सुंदर आहेत यात वाद नाही. दोन दिवसांत मात्र तिथे जाऊ नका, कारण येण्याजाण्यातच एक दिवस संपतो आणि दुखऱ्या गुडघ्यांना त्या प्रवासाने काही सुख होत नाही.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे, तर वाळूबद्दल लिहिते. ‘सासूबाईंना वाळूत चालवणार नाही’ हे तुमचे म्हणणे कोरड्या, भुसभुशीत वाळूपुरते खरे आहे. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते आणि तिच्यावर काठी टेकत वयस्कर माणूसही सावकाश फिरू शकते. प्रश्न फक्त ओहोटी केव्हा आहे हे कळण्याचा असतो, आणि त्याचा हिशेब आपल्या किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथीवरून करत आले आहेत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळी किनारा लांबरुंद मोकळा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ भरती आणि ओली वाळू मिळणार ती ऐन दुपारी. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा पोहोचल्यावर गावातल्या माणसाला वेळ विचारून घ्यावी. पण दिवसाचा आराखडा करायला हा हिशेब पुरेसा आहे. जानेवारीच्या मध्याला सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि लगेच गारवा पडतो, म्हणून सासूबाईंसाठी शाल आणि कानाला रुमाल सोबत असू द्या.

मुलीच्या बाबतीत एक गोष्ट कठोरपणे पाळा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागली की पाण्याची ओढ जोरकस असते आणि किनारा सपाट दिसतो म्हणून ती जाणवत नाही. तिने गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, एक मोठे माणूस कायम तिच्या बाजूला पाण्यात असावे, आणि अंधार पडू लागला की सगळ्यांनी बाहेर यावे. त्या वेळी ते मोठे माणूस तिचे बाबा असतील, हेही निघण्यापूर्वीच ठरवा. नाहीतर समुद्राकडे बघत बसायचे म्हणून आलेल्या तुम्ही मुलीवर नजर ठेवत उभ्या राहाल.

मुक्कामासाठी मोठ्या रिसॉर्टपेक्षा चार-पाच खोल्यांचे घरगुती निवास बरे, जिथे घरच्याच बाईंच्या हातचे जेवण मिळते. फोन करताना माझी चूक टाळा. शेजारी लग्नाचे किंवा कार्यक्रमाचे मैदान आहे का, त्या दिवशी एखादा मोठा गट उतरणार आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, किनाऱ्यापर्यंत चालत किती मिनिटे लागतात आणि वाटेत पायऱ्या आहेत का, हे सगळे नीट विचारा. सासूबाईंना कमी तिखट, कमी तेलाचे लागते हेही तेव्हाच सांगा. आधी सांगितले तर घरगुती जेवणावळीत ते अगदी सहज होते. ध्वनिक्षेपकांना रात्री दहा ते सकाळी सहा मनाई आहे, पण त्याआधी चार तास कुणी गाणी लावली तर तुमची संध्याकाळ गेलीच, म्हणून हे प्रश्न आधीच विचारायचे. आणखी एक सुचवते. या दिवसांत वालाच्या शेंगा तयार असतात. पालघरकडे त्यांची उकडहंडी करतात. रायगडात पोपटी लावतात, म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, ओवा-मीठ घालून, पाण्याचा थेंबही न टाकता, मडके उलटे ठेवून भोवती जाळ करतात. यजमानीणबाईंना एक दिवस आधी सांगितले तर बहुतेक ठिकाणी त्या आनंदाने करतात. तुम्ही फक्त शेकोटीपाशी बसायचे.

राहिला दिरांचा नाताळ. तो पूर्ण नाकारावा असे मला वाटत नाही. तेरा माणसे एकत्र येण्यात जो आनंद आहे तो मुलीला आणि सासूबाईंनाही हवा असेल, आणि सासरे गेल्यानंतर सगळ्यांनी एका छताखाली जमावे असे दिरांना वाटत असेल तर त्या आग्रहामागे मायाच आहे. तेव्हा तीन दिवसांऐवजी एक रात्र जा. यजमानांनी भावाला एवढेच सांगावे: ‘आम्ही २५ तारखेला येतो, एक रात्र राहतो, खर्चातला आमचा वाटा देतो, जेवण मात्र बाहेरून सांगू या, दोघींनाही बसायला मिळू दे. जानेवारीत आम्ही घरचेच दोन दिवस बाहेर जाणार आहोत.’ यात कारणे देण्याची किंवा माफी मागण्याची गरज नाही. हे कळवणे शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. बंगल्याचे पैसे भरण्यापूर्वी कळले तर दिरांनाही खोल्यांचा हिशेब बसवता येईल.

रविवारी परतणार असाल तर पश्चिम रेल्वेवरचा ब्लॉक आहे का हे आदल्या दिवशी पाहा. दुपारच्या जेवणानंतर लगेच निघालात तर विरारनंतरची संध्याकाळची गर्दी सासूबाईंना सोसावी लागणार नाही. रविवार-सोमवार केलेत तर सोमवारी सकाळच्या गाड्यांत मुंबईकडे येऊ नका, नोकरदारांनी त्या तुडुंब भरलेल्या असतात. दुपारची गाडी धरा.

आणि आज रात्री जेवणे झाली की भिंतीवरची दिनदर्शिका काढून सासूबाईंच्या हाती द्या आणि जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी कोणती तिथी आहे ते विचारा. पाऊणपट त्यांनाच करू द्या. ओहोटीची वेळ त्या सांगतील आणि यायचे की मावशींना बोलवायचे, हेही बहुधा त्याच वेळी सांगतील.